ऐकू येतं, पण कळत नाही

आमच्या गावाचं नाव मिरजोळे. साहित्यातल्या मंडळींना ते सांगितलं की समोरचा माणूस सरसावून बसतो आणि विचारतो, "म्हणजे हमीद दलवाईंचं गाव?" मग आम्हाला खुलासा करावा लागतो. दलवाईंचं मिरजोळी चिपळूणजवळ. आमचं मिरजोळे रत्नागिरी शहराला खेटून. एका अंगाला एमआयडीसी आणि दुसऱ्या अंगाला विमानतळ. शेवटच्या एका स्वराचा फरक, पण तेवढ्यानं माणूस तालुका चुकतो. नीट ऐकू येणं आणि ऐकलेलं नीट कळणं यात केवढं अंतर असतं, हे आमच्या गावाच्या नावानंच आम्हाला शिकवायला हवं होतं. पण ते शिकायला आम्हाला वय झालेली अम्मी आणि एक होम थिएटरचा रिसीव्हर लागला.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे भाऊ, आमच्या बायका आणि मुलं. थोरले भाई कुवेतला. घर अब्बांनी बांधलेलं, जांभ्या दगडाचं, कौलारू. अब्बा २००९ साली गेले. अम्मी आमच्यातच असते, आणि ती आमच्यात नाही हे लक्षात यायला आम्हाला फार उशीर झाला.

झालं असं की काही वर्षांपूर्वी भाईंनी मोठा टीव्ही घेऊन दिला. भिंतीवर चिकटवलेला, बोटभर जाडीचा. चित्र असं की पाहत राहावं, पण आवाज मात्र डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. त्यात नवल नव्हतं. जुन्या पेटीसारख्या टीव्हीत स्पीकरला बसायला जागा होती आणि त्याचं तोंड आपल्याकडे होतं. या पातळ टीव्हीत बोटाएवढे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले. आवाज आधी भिंतीशी बोलतो आणि मग आपल्याशी. आम्हाला ते चालून जात होतं. अम्मीला चाललं नाही. पण ती काही बोलली नाही. सगळे हसले की एका क्षणानं तीही हसायची. विनोद ऐकून ती हसत नव्हती. आमचे चेहरे बघून हसत होती.

एका रविवारी टीव्हीवर 'एअरलिफ्ट' लागला. २०१६ साली आलेला, १९९० च्या कुवेतवरचा सिनेमा. आमच्या घरात त्या वर्षाचा विषय निघाला की आवाज आपोआप खाली येतो. २ ऑगस्ट १९९० ला इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं, तेव्हा अब्बा तिथं होते. दीड महिना त्यांचा पत्ता नव्हता. मग इतर हजारोंसारखे तेही बगदादमार्गे बसनं जॉर्डनमध्ये, अम्मानला पोचले आणि तिथून विमानानं मुंबईला आले. सुमारे १ लाख ७० हजार हिंदी माणसं त्या दोन महिन्यांत अशी परत आणली गेली. कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांतला कर्ता माणूस त्यांत होता. म्हणजे हा सिनेमा पाहण्याचा आमच्या घरात खरा हक्क कुणाचा असेल, तर तो अम्मीचा. आणि ती तिसऱ्यांदा विचारत होती, "काय बोलला रे तो?" आमच्यातल्या कुणीतरी म्हणालं, "नंतर सांगतो." ती उठली, आणि नमाजाची वेळ झालेली नसताना जानमाज घेऊन आत गेली.

त्या रात्री आमचं ठरलं की घरात नीट आवाज आणायचा.

आवाजाच्या बाबतीत आमचं घर आधी एकदा फसलेलं होतं. २००५ च्या सुमारास एक खोका आम्ही मोठ्या हौसेनं आणला होता. पाच छोटे डबे, एक मोठा डबा आणि खोक्यावर तांबड्या अक्षरांत '४००० वॉट पीएमपीओ'. गाणं लावलं की कौलं थरथरायची आणि गाणाऱ्यानं काय म्हटलं ते गाणाऱ्यालाच ठाऊक. पुढं तो बिघडला, तेव्हा एमआयडीसीत वायरमनचं काम करणाऱ्या भाच्यानं तो उलटा केला आणि मागची पट्टी वाचून दाखवली. वीज लागते ६० वॉट. तो म्हणाला, "मामू, साठ वॉट आत घेतो आणि चार हजार बाहेर टाकतो? असं यंत्र असतं तर महावितरणला कुलूप लागलं असतं." पीएमपीओ म्हणजे क्षणाच्याही लहानशा भागात निघू शकेल असा मानलेला आकडा, त्याला कुठलंही एक ठरलेलं माप नाही. खरा आकडा आरएमएसचा, सलग निघणाऱ्या ताकदीचा. तो खोक्यावर बारीक छापलेला असतो किंवा नसतोच.

या वेळी खरेदीआधी आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे गेलो, आणि ते बरं झालं. त्यांनी अम्मीची तपासणी करून एक आलेख हातात दिला. डावीकडे रेघ बरी होती, उजवीकडे उतरणीला लागली होती. ते म्हणाले, वय झालं की आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते शाबूत राहतात. स, श, फ, त, च ही व्यंजनं वरच्या पट्टीत आणि मुळात क्षीण. ती आधी गळतात. "सात, हात, भात, जात असं म्हटलं तर यांना चारही वेळा नुसतं 'आत' ऐकू येतं. बाकीचं त्या अंदाजानं भरतात." आम्ही गप्प झालो. अम्मीनं मात्र त्यांच्या ओठांकडे बघून बरोबर उत्तर दिलं, "आयकाय येतं, पण कळत नाय."

इतकी वर्षं आम्ही करत होतो ते नेमकं उलटं होतं. तिला कळलं नाही की आम्ही आवाज वाढवायचो. आवाज वाढवला की ढोल, मोटारी, पार्श्वसंगीत सगळंच वाढतं. त्यातही धमक जास्त वाढते, आणि ती धमक उरल्यासुरल्या व्यंजनांवर पांघरूण घालते. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं. ते अम्मी घालते, पण दिवसभर नाही. भांड्यांचा आवाज डोक्यात जातो म्हणते. टीव्हीसाठी त्यांचा सल्ला सोपा होता. बोलणं वेगळं काढा, समोर आणा, बाकीचं खाली करा.

बोलणं वेगळं काढता येतं, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. मग कळलं की होम थिएटरची सगळी गंमत त्यातच आहे. सिनेमाचा ध्वनी ज्याला ५.१ म्हणतात त्या पद्धतीनं केलेला असेल, तर तो सहा वाटांनी येतो. पुढे डावा आणि उजवा, बाजूला किंवा मागे दोन, धमकीचा एक, आणि मधोमध एक. त्या मधल्या, सेंटर नावाच्या वाटेनं बहुतेक सगळे संवाद येतात. टीव्ही या सहा वाटा एकात कालवून दोन स्पीकरांतून ओततो. रिसीव्हर त्या वेगळ्या ठेवतो, आणि मधली एकटीच तीन-चार डेसिबल वर घ्यायची सोय देतो. आम्ही आजवर घरात थिएटर आणायचं म्हणजे मागून हेलिकॉप्टर आणायचं समजत होतो. खरं तर समोरचा माणूस आणायचा होता.

आता प्रश्न पैशांचा. तीन भावांनी मिळून ४० हजार काढायचे ठरले. त्यात अर्धे भाईंचे. ही बातमी नात्यात पसरली आणि मदतीचे हात पुढे आले. अमेरिकेतल्या चुलतभावानं कळवलं, इथं जुना रिसीव्हर कवडीमोलानं मिळतो, पाठवतो. रियाधमधल्या मेव्हण्याकडे एक पडून होता. भाई म्हणाले, कुवेतहून मीच आणतो. आमच्या पिढीला इथं एक जुनी गोष्ट आठवली. १९८० च्या दशकात आमच्या मोहल्ल्यात सौदीहून एक टेपरेकॉर्डर आला होता. सौदीत तेव्हा बऱ्याच घरांत ११० ते १२७ व्होल्टची वीज असे. आमच्याकडे २३०. आल्या दिवशी सगळा मोहल्ला जमलेला, प्लग लावला, आणि गाण्याऐवजी धूर निघाला. म्हणून आधी यंत्रामागची पट्टी वाचायची हा धडा. अमेरिकेतला १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा. त्याच्यासाठी दणकट ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर स्वस्ताई तिथंच संपली. कुवेतची वीज २४० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, म्हणजे आपल्यासारखीच. तो चालला असता. पण तिकडून आणलेल्या यंत्राची वॉरंटी इथं चालेलच असं नाही. मुलखात घेतलेलं यंत्र मुलखात दुरुस्त होतं, या एका मुद्द्यावर भाईही तयार झाले.

मग आम्ही आकडे वाचायला शिकलो. एका रिसीव्हरवर ७० वॉट, दुसऱ्यावर १००, आणि किमतीत आठ हजारांचा फरक. भाच्यानं हिशेब मांडून दाखवला. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर ताकद सुमारे दहापट लागते. ७० आणि १०० मध्ये जेमतेम दीड डेसिबलचा फरक, तो कुणाला कळायचाही नाही. त्यात हे वॉट कसे मोजले तेही पाहावं लागतं. 'एक चॅनल चालू, ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृती' असं लिहिलेले वॉट म्हणजे उतारावर मोजलेला सायकलचा वेग. 'दोन चॅनल चालू, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' असं लिहिलेले वॉट म्हणजे सपाटीवरचा वेग. दुसऱ्या प्रकारचे ७० हे पहिल्या प्रकारच्या १४० पेक्षा भारी ठरू शकतात. आणि स्पीकरची संवेदनशीलता ८७ ऐवजी ९० डेसिबल असली तर रिसीव्हरची ताकद आपोआप दुप्पट झाल्यासारखीच. आमच्या पंधरा फुटांच्या खोलीला यातलं काहीही कमी पडणार नव्हतं.

वाटांच्या संख्येचंही तसंच. दुकानदार सात वाटांचा आणि छतातून पाऊस पाडणारा रिसीव्हर पुढे करतात. मिरजोळ्यात छतातून पाऊस पाडायला रिसीव्हर लागत नाही, एक कौल सरकलं तरी पुरतं. आम्हाला पाच वाटांचा बस झाला. आणि त्या पाचही पहिल्या दिवशी भरायची सक्ती नसते, ही रिसीव्हरची सगळ्यात मोठी सोय. मागचे स्पीकर नाहीत, धमकीचा डबा नाही असं त्याला एकदा सांगून ठेवलं की त्या वाटांचा आवाज तो पुढच्या स्पीकरांत वळवतो. खोकाबंद संचात ही मुभा नसते. तिथं एक बिघडलं की सगळं गेलं. आम्ही तीनच स्पीकर घ्यायचे ठरवले. डावा, उजवा आणि मधला, तिन्ही एकाच घराण्यातले, म्हणजे माणूस पडद्यावर चालत गेला तर वाटेत त्याचा आवाज बदलायला नको.

यामाहा, डेनॉन, सोनी या तिघांचे पाच वाटांचे साधे रिसीव्हर डोळ्यांसमोर होते. तिघांतही टीव्हीचा आवाज एकाच एचडीएमआय तारेनं परत घेणारी सोय आहे. तिला एआरसी म्हणतात. मात्र ती टीव्हीलाही हवी, आणि टीव्हीच्या मागे त्या नावाच्याच छिद्रात तार लावायला हवी; हे न पाहता यंत्र बिघडलं म्हणून परत करणारे पुष्कळ. ओंकिओचा एक जुना रिसीव्हर निम्म्या किमतीत मिळत होता, मोह झाला. पण त्या मूळ जपानी कंपनीनं २०२२ साली दिवाळं जाहीर केलं. नाव आता दुसऱ्यांच्या हाती आहे. जुन्या यंत्राचे सुटे भाग कुणाकडे मागायचे या विचारानं मोह आवरला.

आमची एक अट मात्र ऐकून दुकानदार चमकायचे. आम्हाला मागे तांबड्या-पांढऱ्या पिनांची जुनी जागा हवी होती, टेपरेकॉर्डर जोडायला.

अम्मीला कुराण शरीफ वाचता येतं, उर्दूही थोडं लावून लावून वाचते, पण लिहिणं तिला कधी जमलं नाही. अब्बांचं लिहिणंही पैशांच्या हिशेबापुरतं. म्हणून कुवेतहून पत्रं येत नसत, कॅसेटी येत. सुट्टीवर येणारा कुणी ना कुणी खिशात घालून आणायचा. रात्री दार लावून घरातली सगळी टू-इन-वनभोवती बसायची. त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर अम्मी उत्तर भरायची, आणि ती परत जायची. म्हणूनच आमच्याकडे फारशा उरल्या नाहीत. परत गेलेल्या सगळ्या १९९० मध्ये अब्बांच्या खोलीबरोबर तिथंच राहिल्या. अम्मानच्या वाटेवर माणूस कपड्यांचं गाठोडं उचलतो, कॅसेटी उचलत नाही. घरात राहिल्या फक्त दोन. १९८६ ची एक आणि १९८९ ची एक. उत्तर भरायचं राहून गेलं म्हणून वाचलेल्या.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला आम्हाला हवा तसा मिळाला. दुकानात दाखवायला लावून ठेवलेला, खोका फाटलेला, पण कंपनीची वॉरंटी पूर्ण. २२ हजार. तीन स्पीकर १४ हजारांत. उरलेले तारांत आणि फळीत. कोकण रेल्वेनं आणताना रात्रभर तो आळीपाळीनं मांडीवर घेऊन बसलो, जसं नवं बाळ आणावं.

घरी आल्यावर खोलीनं दगा दिला. प्लॅस्टर केलेल्या जांभ्याच्या भिंती, खाली शहाबादी लादी. एक शब्द उच्चारला की तो चार भिंतींना भेटून येतो, आणि येईपर्यंत पुढचा शब्द निघालेला असतो. आधीच व्यंजनं गाळणाऱ्या कानाला हे म्हणजे पाणी घातलेलं दूध. यावरचा उपाय फुकट निघाला. लादीवर जाजम घातलं, मागच्या भिंतीला दोरीवर दोन गोधड्या टांगल्या, खिडक्यांना जाड पडदे लावले. मधला स्पीकर टीव्हीखाली, फळीच्या अगदी कडेला आणि तोंड किंचित वर, अम्मीच्या खुर्चीकडे. रिसीव्हर तापतो, त्याच्या डोक्यावर चार बोटं मोकळी लागतात. आमच्या घरातल्या बायकांनी आल्या दिवशीच त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता, तो समजूत घालून काढावा लागला. पावसाळ्याच्या आगेमागे विजा कडाडल्या की प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढायच्या, हा नियम मुलांकडे दिला. रिसीव्हरमधल्या 'हॉल', 'स्टेडियम' वगैरे करामती बंद केल्या. त्या खोट्या घुमण्यापेक्षा आमच्या जांभ्याचं खरं घुमणंच पुष्कळ होतं. मधली वाट ४ डेसिबल वर, रात्रीसाठी मोठे आणि लहान आवाज जवळ आणणारी सोय चालू. बस.

त्याच संध्याकाळी मामू आले. अम्मीचे धाकटे भाऊ, पाच वक्ती नमाजी, स्पष्टवक्ते. दारातूनच म्हणाले, "आता घरात थिएटर? तुमच्या बापानं हे घर यासाठी बांधलं?" आम्ही काय सांगणार? होम थिएटर या नावातच खोट आहे. ते ऐकूनच अर्ध्या घरांत भांडण होतं. उत्तर अम्मीनं दिलं. म्हणाली, कारी अब्दुल बासित लावा. मिसरच्या या कारींना जाऊन पस्तीस वर्षं उलटून गेली, पण आमच्या मोहल्ल्यात आजही रमजानची पहाट त्यांच्याच आवाजानं होते. सूरे रहमान लागली. एकट्या माणसाचा आवाज, ढोल नाही, ताशा नाही. मामू उभेच होते, ते बसले. अम्मीचे ओठ कारींच्या बरोबरीनं हलत होते, मागून नव्हे. संपल्यावर मामू म्हणाले, "सिनेमे लावणारच तुम्ही, ते मला पसंत नाही. पण आपाची खुर्ची तिथंच राहू दे." आम्ही त्याला परवानगी समजलो.

कॅसेटींना मात्र घाई केली नाही. कोकणच्या दमट हवेत एकीवर पांढरी बुरशी धरली होती, आणि टू-इन-वनचा रबरी पट्टा ढिला पडून चिकट झाला होता. पट्टा बदलला, टेपचं डोकं स्पिरिटनं पुसलं, बुरशीची कॅसेट जाणत्याकडून साफ करून घेतली. मग टू-इन-वनच्या हेडफोनच्या भोकातून तार काढून रिसीव्हरच्या तांबड्या-पांढऱ्या पिनांत घातली. फोनो लिहिलेल्या जागी नाही, ती तबकड्यांसाठी असते आणि तिथं टेप लावला तर आवाज फाटतो. अम्मीला ऐकवण्याआधी दोन्हींची संगणकावर नक्कल करून ठेवली. तुटायचीच असेल तर नंतर तुटू दे.

अब्बांचा आवाज आला. मागे एसीची घरघर, आणि "अस्सलामु अलैकुम" म्हणून झाल्यावर एक खाकरणं. मग सगळी घरातलीच विचारपूस. कलमांना पाणी घातलं का, फी भरली का, धाकट्याचा खोकला कसा आहे, अमक्याकडे पैसे दिले आहेत ते मोजून घे. आमच्या मुलांनी आजोबांचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. त्यांना तो थोरल्या काकांचा वाटला. अम्मी शांत होती. आम्ही विचारलं, "अम्मी, कळतंय ना?" ती म्हणाली, "हे कळायला यंत्र कशाला? मना पाठ हाय." खरंच होतं. यंत्राची परीक्षा घ्यायला आम्ही नेमकं तेच निवडलं होतं, जे ती बहिरी झाली असती तरी ऐकू शकली असती.

खरी परीक्षा पुढं झाली. काही दिवसांनी आम्हीच 'एअरलिफ्ट' पुन्हा लावला. बोलणं समोरून, मधोमध येत होतं. अर्ध्या तासात अम्मी एकदाही कुणाकडे वळली नाही. बसमधून माणसं निघाली त्या ठिकाणी ती एकदम म्हणाली, "असं नव्हतं." आम्ही सिनेमा थांबवला. आणि तिनं सांगायला सुरुवात केली. अब्बांनी परतल्यावर फक्त तिलाच सांगितलेलं सगळं. वाळवंटातली बस कुठं बंद पडली, पाण्याची बाटली केवढ्याला घेतली, अम्मानच्या तंबूत शेजारी कोण होतं, आणि रत्नागिरीला उतरल्यावर घरी यायला त्यांच्या खिशात रिक्षाचे पैसे नव्हते म्हणून ते कसे चालत आले. यातलं आम्हाला काहीही ठाऊक नव्हतं. आम्ही विचारलं, "इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "तुम्ही काय विचारता ते कळत नव्हतं. चुकीचं बोलले तर पोरं हसतात. मग गप बसले."

आमची समजूत अशी की ज्याला ऐकू येत नाही त्याचं फक्त ऐकणं जातं. त्याचं बोलणंही जातं, हे आम्हाला त्या रात्री कळलं. घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाचं बोलणं बंद झालं म्हणजे घराचा किती ऐवज बुडाला, याचा हिशेब कुठल्या वॉटात मांडायचा?

आता आम्हाला नात्यातले लोक विचारतात, कुठला घेऊ? आम्ही कंपनीचं नाव सांगत नाही. विचारतो, घरात सगळ्यात कमी ऐकू कुणाला येतं? आधी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे न्या. रिसीव्हर हा काही औषध नाही. अम्मीला फोनवर अजूनही भाईंचं बोलणं नीट कळत नाही. मग मधला स्पीकर चांगला घ्या, रिसीव्हर पाच वाटांचा साधा घ्या, मागची पट्टी वाचा, आणि पैसे उरले तरच धमकीचा डबा. आमचा अजून घेतलेला नाही. मुलं दर ईदला मागतात.

परवा रात्री बातम्या चालू होत्या. अम्मी आतून म्हणाली, "आवाज कमी करा रे. एवढा मोठा कशाला?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आमच्यातल्या थोरल्यानं रिमोट उचलला आणि आवाज दोन घरं खाली आणला.